हाकेचा शब्द

कोंबडीचं पिल्लू हातात कसं धरायचं हे प्रूफकाकांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही एका पिल्लानंच शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी पिल्लू उचललं ते ओला कागद उचलतात तसं, दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरून. पिल्लानं त्यांच्या मनगटावर जे करायचं ते केलं आणि खोक्यात उडी मारली. काका मनगटाकडे पाहत बराच वेळ उभे होते. आयुष्यात त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या होत्या, पण त्या लेखी असायच्या.

प्रूफकाका म्हणजे आपले तळमजल्यावरचे. बत्तीस वर्षं छापखान्यात वाचक होते. वाचक म्हणजे आरामखुर्चीत पुस्तक घेऊन पडणारा, असा इमारतीत बरेच दिवस समज होता, तो आधी दूर करू. छापखान्यात एक जण छापलेल्या कागदावरच्या चुका शोधतो आणि त्याच्यासमोर बसून दुसरा मूळ मजकूर मोठ्यानं वाचतो. हे दुसरे म्हणजे काका. जाहीर नोटिसा, निविदा, औषधांची माहितीपत्रकं, सगळं एका सुरात, न चढता, न उतरता, रोज आठ तास. संध्याकाळी घरी येईपर्यंत घशाचा असा भुगा झालेला असायचा की पाणी हवं असेल तर ते तांब्याकडे बोट दाखवत. बायकोला आधी वाटलं राग आलाय. पुढे सवय झाली. निवृत्त झाल्यावर घसा मोकळा झाला, पण तोवर बोलायचं काय हे काका विसरून गेले होते.

बायको म्हणजे सिस्टर. पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात काढली, त्यामुळे अख्खी इमारत त्यांना सिस्टर म्हणते, आणि चारचौघांत काकाही तेच म्हणतात. चार महिन्यांपूर्वी सिस्टर निवृत्त झाल्या. पहिल्या महिन्यात त्यांनी कपाट आवरलं. दुसऱ्या महिन्यातही तेच कपाट आवरलं. तिसऱ्या महिन्यात त्यांना टॉवेलांच्या घड्या उलट्या दिशेनं असाव्यात असं वाटू लागलं. पहाटे पाचला उठून, केस घट्ट बांधून, त्या स्वयंपाकघरात मधोमध उभ्या राहायच्या, कुठून तरी बोलावणं येईल अशा. काका पांघरुणातून हे पाहायचे. पण काय बोलायचं ते सुचत नसे, म्हणून ते कूस बदलत.

शेजारचे टेलरमास्तर एकदा माप घेता घेता म्हणाले, "काका, सिस्टरांच्या हाताला लहान जीव लागतो. कापडाशिवाय मी जसा चार दिवस काढू शकत नाही, तसंच हे." काकांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ते पशुखाद्याच्या दुकानातून बुटांच्या खोक्यात दहा दिवसांची सहा पिल्लं घेऊन आले. खोक्याला भोकं पाडायची हे दुकानदारानं सांगितलं होतं. ती भोकं पिल्लं आत ठेवण्याआधी पाडायची हे त्यानं सांगितलं नव्हतं, त्यामुळे काका रस्त्यातच पेन काढून, जीव मुठीत धरून, एकेक भोक पाडत आले.

सिस्टरांनी खोक्यात पाहिलं. कोपरापर्यंत हात धुऊन आल्या, पहिलं पिल्लू तळहातावर घेतलं, उलटं केलं, आणि म्हणाल्या, "हिची मागची बाजू कुणी पुसलीच नाही का? कोमट पाणी आणा. आणि कापूस. अहो, उभे काय राहिलात, नातेवाइकांसारखे?"

अर्ध्या तासात घराचं प्रसूतिगृह झालं. मोठ्या खोक्यात भुसा पसरला, वर बल्ब टांगला, पिल्लं बुडू नयेत म्हणून पाण्याच्या बशीत गोट्या टाकल्या. प्रत्येकीच्या पायाला वेगळ्या रंगाचा दोरा आला. खोक्याला तक्ता लागला. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. नावं ठेवायला सिस्टरांचा विरोध होता, म्हणून एक नंबर, दोन नंबर असंच. त्यातली चार नंबर किडमिडी होती, तिचं वजन तीन दिवस हललं नाही, आणि सिस्टर काळजीनं, म्हणजे अतिशय आनंदात होत्या. घरात गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. कपाटाकडे कुणी फिरकलं नाही. काकांना आपण आयुष्यात प्रथमच काहीतरी अचूक आणलं असं वाटलं.

हे सुख पाच दिवस टिकलं. सहाव्या दिवशी सेक्रेटरी आले.

इमारतीचे सेक्रेटरी हे अकरा वर्षं सेक्रेटरी आहेत, कारण दुसरं कुणी तयार होत नाही. माणूस वाईट नाही. पण इमारतीची नियमावली त्यांनी स्वतः लिहिली आहे, एक्याऐंशी नियम, आणि प्रत्येक नियमाच्या शेवटी 'सर्व सभासदांनी याची नोंद घ्यावी' हे वाक्य आहे. जिन्यातल्या सूचनाफलकावरही रोज काहीतरी लागतं आणि त्याच्याही शेवटी हेच असतं. अकरा वर्षांत कुणी कशाचीही नोंद घेतलेली नाही. सायकली आहेत तिथंच आहेत, कुंड्यांचं पाणी गळतंच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर नवीन सूचना लागली की जुनी काढून डब्याखाली घालतात. म्हणतात, कागद चांगला जाड असतो.

सेक्रेटरी खोक्याजवळ दोन पावलं लांब उभे राहिले. "नियम चौतीस," ते म्हणाले. "इमारतीत पाळीव प्राणी ठेवता येतो. पाळीव म्हणजे काय, तेही लिहिलंय. मालकाच्या हाकेस जो मालकाजवळ येतो तो."

ही व्याख्या कशी जन्मली हे सांगायला हवं. तिसऱ्या मजल्यावर एक बोका होता. सगळ्यांचं दूध प्यायचा आणि कुणाचाच नव्हता. तेव्हा सेक्रेटरींनी दोन रविवार बसून हे वाक्य तयार केलं. बोका एके दिवशी निघून गेला. वाक्य राहिलं.

"मग अर्ज करतो," काका म्हणाले. बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज मोठ्यानं वाचलेला माणूस अर्जाला भीत नाही. त्यांनी छातीवरचं पेन काढलं, आणि अर्जदार व मालक या रकान्यात, सवयीनं, घरातल्या सगळ्या अर्जांवर लिहितात तसं, स्वतःचं नाव लिहिलं.

इथे सगळा घोळ झाला. पण तो पुढे कळायचा होता.

अर्ज मुळात कुत्र्यांसाठी होता. 'गळ्यातील पट्ट्याचा रंग' इथे काकांनी 'पायात दोरा, सहा रंग' असं लिहिलं. 'भुंकण्याची वेळ' इथे प्रामाणिकपणे 'अखंड' लिहिलं. एक रकाना होता 'हाकेचा शब्द (असल्यास)'. तिथे त्यांची लेखणी अडखळली. सिस्टर काय म्हणून हाक मारतात ते त्यांना माहीत होतं, पण ते 'गं माझी सोनुली ती' असं होतं आणि शासकीय शाईनं लिहिण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यांनी 'या' एवढंच लिहिलं.

सोबत प्रत्येक प्राण्याचा फोटो हवा होता. फोटोवाल्यानं पांढरा पडदा लावला आणि "हनुवटी थोडी वर" असं सवयीनं म्हणून गेला. सहा पिल्लांचे फोटो काढायला दीड तास गेला. त्यात तीन नंबरनं फोटोवाल्याच्या अंगठीवर इतक्या चोची मारल्या की तिचा फोटो म्हणून जो मिळाला त्यात अंगठीच स्पष्ट आहे. सेक्रेटरींनी सहा फोटो टेबलावर मांडले, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे सगळे एकाचेच नाहीत कशावरून?" खरं सांगायचं तर काकांनाही तीच शंका होती.

मग आरोग्याचा दाखला. कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनी पशुसंवर्धन कार्यालयात पाठवलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "किती पक्षी?"

"सहा."

"शेकडा?"

"नाही, नुसते सहा."

बाईंनी मान वर केली. "आमचा फॉर्म शंभरापासून सुरू होतो. शंभराच्या खाली पक्षी नसतात आमच्याकडे."

"पण माझ्याकडे आहेत हो," काका म्हणाले. ते बाईंना पटलं नाही. दोन तास बसवून त्यांनी एका कोऱ्या कागदावर 'सदर सहा पक्षी हिंडते-फिरते आढळले' असं लिहून शिक्का मारला. त्यांनी पक्षी पाहिलेच नव्हते. काकांनी मात्र तो कागद दाखल्यासारखा फाइलीत लावला.

इमारतीची समिती बसली आणि निर्णय आला. अर्ज दाखल. पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी दहाला, इमारतीच्या मागच्या फरसबंदीवर चाचणी. अर्जदार दहा पावलांवरून हाक मारील. आमिष दाखवायचं नाही. पक्षी आले तर पाळीव, न आले तर त्याच आठवड्यात बाहेर.

"मी मारते ना हाक," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या नुसत्या पावलांवर धावत येतात." ते खरंच होतं. त्यांनी हात खोक्यात ठेवला की सहाही जणी त्यात शिरून डोळे मिटत.

"अर्जदारानं," सेक्रेटरी म्हणाले. "अर्जात बदल करायचा तर नवा अर्ज. नव्या अर्जाला नवा दाखला."

सिस्टर काकांकडे वळल्या. एकदाच पाहिलं. मग काट्यावर चार नंबर ठेवून वजन लिहू लागल्या. पेन्सिल जरा जास्तच दाबून लिहीत होत्या. काकांना सगळं कळलं. पिल्लं गेली तर सोमवारी पहाटे पाचला ही पुन्हा स्वयंपाकघरात मधोमध उभी राहणार, आणि या वेळी त्याला कारण आपली सही.

तर आता पंधरा दिवसांत सहा पिल्लांना माणसाळवायचं, आणि ती तर काका दिसले की खोक्याच्या दुसऱ्या टोकाला एकमेकींच्या अंगावर चढत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पिवळा शर्ट घाला, त्यांना आई वाटाल. काकांनी घातला. आई वाटले नाहीत. टेलरमास्तर म्हणाले, गुडघ्यावर बसा, उंची कमी करा. काका बसले. पिल्लं आली नाहीत, आणि काका उठेनात. शेवटी मास्तर आणि सिस्टर दोघांनी दोन बाजूंनी धरून उठवलं. काखेत हात घालून धरण्यावरून सिस्टरांचा अनुभव दिसून येत होता. "जोर लावू नका, श्वास सोडा," असंही त्या म्हणाल्या, आणि मास्तरांनी तोंड फिरवलं.

शेवटी कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनीच, फी न घेता, तीन गोष्टी सांगितल्या. वरून हात घालायचा नाही, वरून येतं ते त्यांना घारीसारखं वाटतं. बाजूनं, खाली, हात उघडा ठेवून थांबायचं. आणि रोज ठरलेल्या वेळी जवळ बसून बोलायचं. "काय बोलता त्याला महत्त्व नाही. आवाज ओळखीचा व्हायला हवा."

झालं, इथेच गाडी अडली. काकांनी खोकं मागच्या गॅलरीत घेतलं, बाजूला बैठं स्टूल मांडलं, हात भुशावर उघडा ठेवला आणि म्हणाले, "कशा आहात?" पिल्लं गप्प. काकाही गप्प. दहा मिनिटं अशी गेली. विचारपूस झाल्यावर पुढे लोक काय बोलतात हे त्यांना काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र आणलं. पण भाज्यांचे भाव वाचताना त्यांचा आवाज त्यांच्याही नकळत चढला आणि दोन नंबर पाण्याच्या बशीत पडली. मजकूर असा हवा होता की ज्यानं कुणाचंही मन हलू नये. असा मजकूर घरात एकच होता. शिवाय प्रकरण लढवायचं तर तो नीट वाचायलाच हवा होता. तिसऱ्या दिवशी साडेपाचला काकांनी मांडीवर नियमावली उघडली, घसा साफ केला आणि बत्तीस वर्षांच्या जुन्या सुरात सुरुवात केली.

"नियम पहिला. जिन्यात पादत्राणे ठेवू नयेत. सर्व सभासदांनी याची नोंद घ्यावी."

एक नियम संपला की भुशावरच्या तळहातावर चिमूटभर भरडा. हे त्यांनी आपल्या सोयीसाठी ठरवलं. नाहीतर कुठवर दिलं ते लक्षात राहत नसे. मग दुसरा नियम, मग पुढचा. पन्नासाव्याला एक नंबरनं मान तिरकी केली.

चौथ्या दिवशी चार नंबर, तीच ती किडमिडी, दोन पावलं पुढे आली, काकांच्या करंगळीवर एक चोच मारून परत पळाली. काकांनी ही बातमी सिस्टरांना सांगितली, मास्तरांना सांगितली आणि दूधवाल्याला थांबवून सांगितली. सहाव्या दिवशी ती तळहातावर चढली. तिचे पाय काड्यांसारखे होते आणि पोट गरम होतं. काका एकोणिसाव्या नियमावर होते, पण ते थांबले नाहीत. त्या दिवशी त्यांना कळलं, पिल्लू धरायचं नसतं. हात द्यायचा आणि ते बसेल तसं बसू द्यायचं.

दहाव्या दिवसापर्यंत सगळ्या येऊ लागल्या. एक मांडीवर, दोन खांद्यावर, तीन नंबर चष्म्याच्या बिजागरीशी झटत. पिवळ्या लवेतून पांढरी पिसं डोकावू लागली होती. संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा गॅलरीतून तो एकसुरी आवाज येई, आणि आत सिस्टर विळीवर, सुरीवर, जे हातात असेल त्यावर काम करत बसत. सहाच्या वजनाला पंधरा मिनिटं उशीर होऊ लागला, आणि वेळेच्या इतक्या काटेकोर बाईनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

काकांनी हाक मारून पाहिली का? नाही. आणि त्याची गरजच काय, असं त्यांना वाटलं. ज्या आपल्या डोक्यावर बसतात त्या हाकेला येणार नाहीत, हे मनातसुद्धा आलं नाही.

रविवारी काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. बूट घातले. प्रसंगाला साजेसं म्हणून केसांना तेल लावलं. सिस्टरांनी त्यांना डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि खोकं उचललं. मागच्या फरसबंदीवर पंधरावीस माणसं जमली होती. वार्षिक सभेला पाच येतात. काकूंनी तर घरून खुर्ची आणली होती. सेक्रेटरींनी दहा पावलं स्वतः मोजली, खडूनं रेघ मारली, वही उघडली.

सिस्टरांनी खोकं आडवं केलं. सहा पिल्लं उन्हात बाहेर आली आणि अंग फुलवून उभी राहिली.

"हाकेचा शब्द?" सेक्रेटरींनी अर्ज पाहत विचारलं.

"या," काका म्हणाले.

"मारा हाक."

काकांनी हात पुढे केला. वीस माणसं त्यांच्याकडे पाहत होती. बत्तीस वर्षांत एकही शब्द स्वतःचा बोलायची वेळ आली नव्हती, आणि आली ती अशी. "या," ते म्हणाले.

पिल्लांनी त्यांच्याकडे पाहिलं. पांढरा शर्ट, चकचकीत बूट, तेलकट डोकं. हा कोण, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. दोन नंबरनं एक मुंगी टिपली.

"या ना," काका म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "या, या." आवाज चढला, तसा तो चिरकला, आणि सहाही जणी जिन्याखालच्या कोपऱ्यात पळून एकमेकींत घुसल्या. चार नंबर सगळ्यात आधी पळाली. ते काकांना फार लागलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मास्तर खाली पाहत होते. काका हात तसाच पुढे धरून उभे होते, कारण तो मागे कसा घ्यावा हे सुचत नव्हतं. त्यांना सिस्टरांकडे पाहवेना.

सेक्रेटरींनाही फार आनंद झाला असं दिसलं नाही. पण नियम तो नियम. त्यांनी वहीत खाली मान घालून लिहिलं, सही केली, टोपण लावलं.

तेवढ्यात सिस्टर पुढे आल्या. एकदम नरम आवाजात, डॉक्टरांशी बोलायच्या तशा, म्हणाल्या, "साहेब, निर्णय काय झाला तो मोठ्यानं वाचून दाखवाल का? सगळ्यांना ऐकू जाऊ दे. नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलंच नव्हतं."

सेक्रेटरींना हे अकरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. ते ताठ झाले. वही छातीसमोर धरली आणि त्यांच्या त्या एका सुरात, न चढता, न उतरता, वाचलं:

"अर्जदाराच्या हाकेस एकही पक्षी न आल्याने सदर पक्षी पाळीव नसल्याचे समितीने ठरविले असून, ते येत्या शनिवारपर्यंत इमारतीबाहेर हलविण्यात यावेत." जिन्याखाली काहीतरी हललं. "सर्व सभासदांनी याची नोंद घ्यावी."

सहा पिल्लं कोपऱ्यातून सुटली ती पंख पसरून, माना लांब करून, थेट सेक्रेटरींच्या अंगावर. दोघी बुटांवर चढल्या. एक विजारीच्या घडीला धरून वर निघाली. तीन नंबर उडी मारून वहीवर बसली आणि ओल्या सहीवर चोच मारू लागली. चार नंबर, त्यांनी गडबडून पुढे केलेल्या दुसऱ्या तळहातावर, अंगठ्याला टेकून बसली आणि भरड्याची वाट पाहू लागली.

काकांचं तोंड उघडं राहिलं. पंधरा दिवसांचे सगळे नियम त्यांच्या डोळ्यांसमोरून एका दमात गेले.

काकू खुर्चीतून वाकून म्हणाल्या, "चौतीसप्रमाणे मग हे सेक्रेटरींचेच झाले की."

"मी हाक मारलेली नाही," सेक्रेटरी म्हणाले. हलता येत नव्हतं म्हणून ते ओठ न हलवताच बोलत होते.

"पण आले तर तुमच्याकडे," मास्तर म्हणाले. "आमिष नाही, दहा पावलांच्या वर अंतर. आणि अर्ज न करता सहा पक्षी पाळले म्हणजे..."

"दाखलाही नाही," काकू म्हणाल्या.

सेक्रेटरी ऐकत नव्हते. ते तळहाताकडे पाहत होते. चार नंबरनं थोडा वेळ वाट पाहिली, भरडा काही आला नाही, मग तिनं मान आत घेतली, डोळे मिटले आणि झोपली. सेक्रेटरींनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही यांना काय वाचून दाखवता, काका?"

"नियमावली," काका म्हणाले. "दुसरं काही नव्हतं घरात."

"सगळी?"

"एक ते एक्याऐंशी. रोज. साडेपाचला."

"आणि ऐकतात?"

"हलत नाहीत. एकोणसाठाव्याला तर मांडीवर येऊन बसतात."

एकोणसाठ म्हणजे पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा. तो लिहायला सेक्रेटरींना महिना लागला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढायचा प्रयत्न केला, पण हातावर पिल्लू होतं, म्हणून ते तसेच नाक ओढत उभे राहिले. "अकरा वर्षं लिहितोय मी," ते म्हणाले, "आणि पहिल्यांदाच कुणी..." वहीतलं पान तीन नंबरनं तसंही फाडलंच होतं. उरलेलं त्यांनी स्वतः फाडलं.

नवीन निर्णय उभ्याउभ्याच झाला. पक्षी पाळीव. मालक अर्जदारच. 'हाकेचा शब्द' या रकान्यात 'या' खोडून नोंद घेण्याचं ते सबंध वाक्य लिहायचं. रकान्यात ते मावलं नाही, समासात वळवावं लागलं. आणि निरीक्षणासाठी सेक्रेटरी दर बुधवारी साडेपाचला येतील, असं सेक्रेटरींनी स्वतःच सुचवलं. येताना भरडा आपला आपण आणीन, असंही म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी काका गॅलरीत जुन्या सदऱ्यात येऊन बसले. सिस्टर सहाचं वजन आज आधीच उरकत होत्या. चार नंबरनं आज चांगलं धरलं होतं.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"चौथ्या दिवसापासून. वाक्य संपलं की माना वर होतात, ते मी आतून पाहत होते."

"अगं, मग सांगायचंस तरी. वीस माणसांसमोर माझी शोभा झाली."

सिस्टरांनी चार नंबरला खोक्यात ठेवलं. तक्त्यावर आकडा लिहिला, पेन्सिल कानामागे खोवली. "सांगितलं असतं तर तुम्ही दोन दिवसांत ते एक वाक्य पाठ करून घेतलं असतं आणि पुस्तक मिटलं असतं," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं तुमचा आवाज छापखान्यात खर्च व्हायचा. माझ्या वाट्याला तांब्याकडचं बोट. आता कुठे रोज पाऊण तास घरात माणसाचा आवाज येतोय, तो मी घालवू?"

या वेळी गप्प राहणं काकांना जमेना. त्यांनी नियमावली उघडली, मग मिटली. इकडे तिकडे पाहिलं.

"टॉवेलांच्या घड्या," ते म्हणाले, "आता चांगल्या दिसतात."

सिस्टर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग दुसरं स्टूल ओढून शेजारी बसल्या. पिल्लं एकेक करून दोघांच्या मांड्यांवर चढू लागली.

"पुढे?" सिस्टर म्हणाल्या.

पुढे काय ते काकांना अजून सुचलं नव्हतं. त्यांनी पहिलं पान काढलं. "नियम पहिला," ते म्हणाले, आणि सिस्टरांनी, चार नंबरच्या शेजारी, आपलाही तळहात उघडा ठेवला.